वाडीत पडदा लावायचा तर

एप्रिल लागला की मुंबईहून फोन येतो. "काका, मे महिन्यात सगळे येतोय. वाडीत पिक्चर लावूया. प्रोजेक्टर आम्ही आणतो, तुम्ही फक्त बघा."

पहिल्या वर्षी मी खरंच फक्त बघितलं. पुतण्याने आणि त्याच्या मित्रांनी कपडे वाळत घालायच्या दोरीवर डबलबेडची चादर टाकली, स्टुलावर प्रोजेक्टर ठेवला आणि त्याच्याच शेजारी मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर. पावणेसातला चालू केलं. आभाळात अजून उजेड, चादरीवर नुसत्या करड्या सावल्या. मग वारा भरला आणि हिरॉइनचं पोट फुगायला लागलं. साडेआठला व्होल्टेज पडलं. सुरुवातीला ८० माणसं होती, शेवटी ११ उरली, त्यातली ४ झोपलेली. शेजारची काकी जाताना म्हणाली, "ह्येच्यापेक्षा टीव्ही बरो."

दुसऱ्या वर्षीपासून पडदा मी लावतो. आता आजूबाजूच्या वाड्यांतूनही विचारायला येतात, दर वेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

मी कोण, तर देवगड तालुक्यातला. १९७३ च्या दिवाळीनंतर, सोळाव्या वर्षी, एका फिरत्या तंबूत मशीनवाल्याच्या हाताखाली लागलो. दिवाळीनंतर निघायचं, जत्रा धरत धरत मे अखेरपर्यंत फिरायचं, पावसाळ्यात तंबू गुंडाळून घरी भातलावणीला. पुढे तालुक्याच्या गावी पक्की टॉकीज झाली तिथे ऑपरेटर. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. तीन तासांचा पिक्चर म्हणजे १६,२०० फूट, जवळजवळ ५ किलोमीटर. दिवसाला तीन खेळ धरले तर रोज १५ किलोमीटर फिल्म माझ्या हातावरून जायची. मग टॉकीजच्या छपरावर डिश बसली, रिळांच्या पेट्या यायच्या बंद झाल्या, मशीनच्या जागी एक डबा आला आणि मी बटण दाबणारा झालो. दोन वर्षांत टॉकीजच बंद झाली. आता तिथे लग्नं लागतात.

आज वाडीत मी जो पडदा लावतो तो तंबूतल्या पडद्याच्या निम्मासुद्धा नाही, पण चित्र तेव्हापेक्षा कितीतरी स्वच्छ. यंत्राचं काम आता पोरंसोरं करतात. अंधार, वारा, आवाज आणि माणसं ही चार कामं मात्र होती तशीच आहेत. तंबूत ती मालक बघायचा. टॉकीजमध्ये भिंती आणि डोअरकीपर बघायचे. वाडीत ती तुम्हाला बघायची आहेत.

दिवस ठरवताना पंचांग हातात घ्या

पहिलं बघायचं ते चांदणं. पौर्णिमेच्या आसपास उघड्यावर पिक्चर लावाल तर पडद्यावरचा काळा रंग काळा दिसतच नाही. वद्य षष्ठीपासून पुढे चंद्र दहानंतर उगवतो, म्हणजे आपलं काम होऊन जातं. काळोख हवा म्हणून थेट अमावास्या धरू नका, आमच्याकडे त्या रात्री म्हातारी माणसं घराबाहेर पडत नाहीत आणि पोरांनाही सोडत नाहीत. वद्य अष्टमी ते द्वादशी, त्यातला शनिवार मिळाला तर उत्तम.

दुसरं घड्याळ. सूर्य मावळल्यावर पाऊण तास तरी आभाळात उजेड राहतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, मे अखेरीस सातला. म्हणजे डिसेंबरात पावणेसातला सुरू करता येतं, मे महिन्यात पावणेआठच्या आधी नाही. आणि शेवट दहाच्या आत हवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. सरकार वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सणासुदीला असते, आपल्या पिक्चरला कोण देणार? एरवीसुद्धा लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते. पोलीस ठाण्यात आठ दिवस आधी अर्ज द्या, ग्रामपंचायतीला एक प्रत द्या. तेव्हा हिशोब सोपा: मे महिन्यात सव्वादोन तास मिळतात, त्यातही मध्यंतर. पावणेतीन तासांचा पिक्चर लावायचाच असेल तर नाताळच्या सुट्टीत लावा.

तिसरं, शेजारच्या गावात दशावतार आहे का ते विचारा. असेल तर तारीख बदला. पिक्चरने दशावतार मारला असं शहरातले लोक लिहितात. मी तंबूत असताना उलटं बघितलंय. जत्रेत नाटक उभं राहिलं की आमच्या दुसऱ्या खेळाला तंबूत मालक, मी आणि एक कुत्रा.

मे महिन्यात अजून एक भानगड असते. वळवाची एखादी सर येऊन गेली की संध्याकाळी वाळवीची पाखरं उठतात आणि प्रोजेक्टरच्या झोताकडे धावतात. घराच्या मागच्या बाजूला, प्रेक्षकांना दिसणार नाही अशी, एक ट्यूबलाइट तासभर आधी लावून ठेवा. निम्मी तिकडे जातात. उरलेली निम्मी हिरोच्या कपाळावर नाचतील, त्याला इलाज नाही.

जागा

देवळासमोरचं पटांगण सगळ्यात बरं, कारण ते कोणा एकाच्या मालकीचं नसतं आणि तिथे येताना कोणी कोणाकडे बोलत नाही हे आड येत नाही. नसेल तर मोठं खळं बघा. बसायला माणशी ६ चौरस फूट धरा, ४० बाय ३० फुटांत २०० माणसं मांडी घालून बसतात.

माडाखाली माणूस बसवायचा नाही. नारळ पडायला वेळकाळ लागत नाही आणि सुकलेली झावळ तर वाऱ्याच्या एका झोताने येते. तुमच्या पटांगणाच्या कडेला माड असतील तर आठवडाभर आधी पाडेली बोलावून नारळ आणि सुकी झावळं उतरवून घ्या. तशीच दुसरी गोष्ट, चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. पोरांना गडग्यावर बसायला फार आवडतं आणि फुरशालाही, त्या लहानशा विषारी सापाला, त्याच्या भेगा आवडतात. काळोखात तिथे पाय सोडून बसणं म्हणजे आपणहून आमंत्रण. गडग्यापासून पाच फुटांवर दोरी बांधा, आणि येण्याजाण्याच्या वाटेवर जमिनीलगत दोन-तीन मंद दिवे ठेवा, वर कापड बांधून.

रस्त्याचा दिवा पडद्यावर येतो का ते आदल्या रात्री त्याच वेळेला जाऊन बघा. दिवसा कळत नाही. आमच्याकडे असा एक दिवा होता. त्याच्यासाठी अर्जबिर्ज करत बसलो नाही, पडदाच त्याच्याकडे पाठ करून लावला.

पडद्याचं तोंड मात्र वाऱ्याच्या हिशोबाने ठरवायचं. किनाऱ्यावर दुपारपासून समुद्राकडून वारा असतो, सूर्य मावळल्यावर तो हळूहळू पडतो आणि रात्री उशिरा जमिनीकडून उलटा वाहायला लागतो. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते हेच. पडदा उत्तरेला किंवा दक्षिणेला तोंड करून उभा केला तर दोन्ही वारे त्याच्या कडेवरून निघून जातात. शिवाय पश्चिमेच्या आभाळातला उरलेला उजेडही पडद्यावर थेट येत नाही.

पडदा

चादर नको. चादरीतून निम्मा उजेड पलीकडे निघून जातो. तंबूत आमचा पडदा जाड मांजरपाटाचा होता, दोन पदरी, उभी शिवण कुठेच नाही, सगळ्या आडव्या. तरीही पलीकडे चित्र दिसायचंच. कापड ओलं केलं की तर जास्तच दिसतं. काही गावांत पडद्याच्या मागे बसणाऱ्यांना मालक कमी पैशात सोडायचा. त्यांना हिरो डावरा दिसे आणि श्रेयनामावली उलटी. पण मागे बसणारे निम्मे लोक अक्षरओळख नसलेलेच होते, त्यांना काय फरक पडणार? एक म्हातारे गृहस्थ नेहमी मागेच बसत. पुढे टॉकीजमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "आज सगळो पिक्चर उलटो दाखवलास रे."

आता बाजारात प्रोजेक्टरच्या पडद्याचं मागून काळं केलेलं कापड मिळतं. १२ फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच असं घ्या, हल्लीच्या चित्राचं माप तेच असतं, १६ ला ९. चारी कडांना चार बोटं रुंद काळी पट्टी शिवून घ्या. चित्राची कड थोडी वाकडी पडली तरी ती पट्टी गिळून टाकते, आणि काळ्या चौकटीत चित्र जास्त उजळ वाटतं. टॉकीजच्या पडद्याला काळी किनार असते ती उगीच नाही.

खांबांना माटवाच्या (मांडवाच्या) पोफळी वापरा, घरोघरी पडून असतात. दोन उभ्या, दोन आडव्या. बाजूच्या दोन्ही खांबांना पुढे-मागे दोन-दोन ताण द्या आणि ताणाचे खुंटे हातभर आत ठोका. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात एवढ्या पडद्यावर ४० किलोच्या आसपास जोर येतो, आणि वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून खालची कड पक्की बांधायची नाही. वरची आणि बाजूची पक्की, खालची रबराच्या पट्ट्यांनी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यांनी. मोठा झोत आला की पडदा थोडा सुटतो आणि परत बसतो. पक्का बांधलात तर कापड तरी फाटेल नाहीतर पोफळ तरी बायकांच्या अंगावर येईल.

पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेतीन ते चार फूट. लोक खुर्च्यांवर बसणार असतील तर पाच.

प्रोजेक्टर

पोरं मला दर वर्षी नवीन कंपनीचं नाव सांगतात. मी दोनच आकडे विचारतो. पहिला ल्युमेन, म्हणजे यंत्राच्या उजेडाचं माप. पडद्याचं क्षेत्रफळ चौरस फुटांत काढा, आमच्या पडद्याचं ८१ येतं, आणि त्याने ल्युमेनला भागा. चांगल्या टॉकीजच्या पडद्यावर हा उजेड १४ च्या आसपास असावा असा दंडक आहे. ३,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर घेतलात तर हिशोबाने ३७ येतात. म्हणजे चंगळ वाटेल, पण खोक्यावर छापलेल्या आकड्यातले निम्मेच खरे धरायचे, शिवाय उघड्यावर पुरता काळोख कधीच नसतो. एका वर्षी कोणीतरी स्वस्तातला, तळहाताएवढा, खोक्यावर भलामोठा आकडा छापलेला प्रोजेक्टर आणला होता. त्यापेक्षा माझी बॅटरी बरी होती.

दुसरा आकडा फेकीचा, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या किती पट अंतरावर यंत्र ठेवायचं. दीड असेल तर १२ फुटांच्या पडद्याला १८ फूट. याचा अर्थ यंत्र माणसांच्या मधोमध येणार. टेबलावर टेबल चढवून ते पुरुषभर उंचीवर न्या, नाहीतर लघवीला उठणारा प्रत्येक माणूस पडद्यावर दिसेल. चारी बाजूंनी सुंभाची दोरी बांधा आणि वायरींवर गोणपाट टाका. यंत्र सरळ, पडद्याच्या मध्यावर ठेवा. वाकडं ठेवून बटणाने चित्र चौकोनी करता येतं, पण तसं केलं की चित्र मऊ पडतं. मी पोरांना ते बटण दाबू देत नाही.

हे सगळं मला फार सोपं वाटतं, खरं सांगतो. कार्बनच्या मशीनमध्ये दोन जळत्या कांड्यांमधल्या ठिणगीचा उजेड असे, त्या कांड्यांमधलं अंतर डोळ्यात तेल घालून राखावं लागे. कांडी जळून आखडली की पडदा पिवळा पडायचा आणि खालून शिट्ट्या. फिल्म गेटमध्ये, म्हणजे झोतासमोरच्या खिडकीत, अडकली की दोन सेकंदांत पडद्यावर तपकिरी बुडबुडा उठून नायिकेचा चेहरा वितळत जायचा. मग दिवे लावायचे, जळलेल्या फ्रेमा कापायच्या, जोड मारायचा, परत चालू. त्या कापलेल्या फ्रेमा पोरं माझ्याकडून मागून न्यायची. रीळ संपत आलं की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक टिपका चमकतो, तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं, सातेक सेकंदांनी दुसरा टिपका, तेव्हा बदल. आयुष्यभर मी पिक्चरचा तेवढाच कोपरा नीट बघितलाय.

गेल्या वर्षी नातवाने गोव्याला मॉलमध्ये नेलं. खुर्ची मागे झोपते, पाय वर येतात. आजूबाजूला सगळे आपापल्या पलंगावर. मी सवयीने मागे वळून प्रोजेक्टरच्या भोकाकडे बघितलं. उजेड येत होता, माणसाची सावली कुठेच हलत नव्हती. नातवाने मध्यंतरात मक्याच्या लाह्यांना जे पैसे दिले त्यात आमच्या वाडीतल्या वीस माणसांची भजी झाली असती. आवाज मात्र झकास होता, त्याला नाव ठेवणार नाही.

आवाजाला जास्त पैसे ठेवा

चित्र थोडं फिकं असलं तर लोक दहा मिनिटांत सरावतात. संवाद कळला नाही तर उठून जातात. एकूण खर्चाचा निम्मा भाग आवाजाला ठेवा, किंवा सरळ भजन मंडळाचे स्पीकर मागून घ्या. दोन स्पीकर, पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसांच्या डोक्यांच्या वर, तोंड मागच्या रांगांकडे थोडं खाली झुकवून. यंत्राजवळ स्पीकर ठेवू नका. माणूस बोलतोय समोर आणि आवाज पाठीमागून येतोय, हे म्हाताऱ्यांना अजिबात सोसत नाही.

भजन मंडळाच्या मिक्सरवर इको नावाचा खटका असतो. तो आधी बंद करा. एकदा विसरलो, तर कोर्टातला वकील गुहेत उभा राहून बोलल्यासारखा बोलत होता. घुमणारा खालचा आवाज कमी, मधला थोडा जास्त, म्हणजे शब्द सुटे येतात.

आणि वायर लावा. ब्लूटूथने आवाज सेकंदाच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शाने मागे पडतो. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे अडीच ते पाच फ्रेमा. ओठ आधी मिटतात आणि शब्द मग येतो. हवेतून येणारा आवाजही उशीर करतोच, पण ५० फुटांवर बसलेल्या माणसाला तो एका फ्रेमइतकाच, आणि तेवढं कोणाला कळत नाही. फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या साधारण २० फ्रेम पुढे छापलेली असे, कारण आवाज वाचायचं डोकं गेटच्या खाली बसवलेलं असतं. गेटजवळ फिल्मचा सैल लूप सोडतात, तो चुकला की सगळे संवाद सरकायचे. त्यामुळे आजही ओठ आणि शब्द जुळले नाहीत की माझा हात आपोआप गेटकडे जातो. गेट कुठे आहे आता?

वीज

जवळच्या घराच्या मीटरवरून रीतसर घ्या, खांबावर आकडा टाकून नको. लांब अंतराला जाड तांब्याची तार, २.५ चौरस मिलिमीटरची, आणि अर्थिंग तपासून घ्या. दव पडलेल्या जमिनीवर अनवाणी पोरं फिरत असतात. प्रोजेक्टर ३०० वॉट, आवाज २०० वॉट धरला तर ५०० वॉट लागतात. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-अवर देते, प्रत्यक्षात निम्मी धरा, म्हणजे पावणेदोन तास. वीज गेली तरी बहुतेक पिक्चर निभतो. जनरेटर आणलात तर घरामागे शंभर फुटांवर ठेवा.

पिक्चर कुठला

इथे पोरांशी माझं दर वर्षी भांडण होतं. त्यांना वाटतं मोबाइलवर वर्गणी भरली म्हणजे पिक्चर आपला. ती वर्गणी घरात बघायची आहे. पटांगणात लोकांना दाखवायचा तर ज्याच्याकडे हक्क आहेत त्याची लेखी परवानगी लागते, तिकीट असो वा फुकट. मराठी निर्मात्याला सरळ पत्र लिहा, गावाचं नाव आणि तारीख सांगा. जुन्या पिक्चरला बऱ्याचदा थोडक्यात काम होतं. कुठूनतरी उतरवलेली चोरीची प्रत तर लावूच नका. अशी प्रत नफ्यासाठी लोकांना दाखवली तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख दंड आहे. सेन्सॉरचं प्रमाणपत्रही बघा, आता यूए मध्ये ७, १३ आणि १६ वर्षांचे वेगवेगळे टप्पे आलेत. पुढच्या रांगेत चौथीतली पोरं बसणार आहेत.

एक वाट मी शोधून काढली. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. त्याहून जुना असेल तर चित्रपट मोकळा होतो, गाण्यांचे हक्क वेगळे असू शकतात ते विचारून घ्यावं. मुक्या पिक्चरला तोही घोर नाही. दादासाहेब फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' बराचसा शिल्लक आहे, त्यात कृष्णाचं काम त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केलंय. त्याची प्रत इंटरनेटवर मिळते. कोणी नंतर संगीत जोडलं असेल तर ते संगीत त्याचं, म्हणून आवाज पूर्ण बंद ठेवायचा.

आवाज बंद, मग वाजवायचं कोणी? आमच्या भजन मंडळाने. त्या काळीही पडद्याशेजारी पेटी-तबला घेऊन माणसं बसतच. तीन रात्री देवळात भिंतीवर पिक्चर लावून तालीम केली. माणसं धावल्यासारखी दिसत होती, कारण मुके पिक्चर हाताने हँडल फिरवून सावकाश घेतलेले असत आणि २४ च्या वेगाने लावले की पळतात. लॅपटॉपवर वेग ०.७५ केला, चालणं माणसांसारखं झालं. पखवाजवाल्याला पडद्याच्या डाव्या हाताला, चित्र दिसेल असं बसवलं. आमचा पखवाजवाला रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मासळीचं जाळं ओढायला, जाणारा माणूस, हाताला घट्टे. कृष्ण पाण्याखाली नागाशी झुंजायला लागला तेव्हा मात्र त्याने ठरलेला ताल सोडला आणि असा काही वाजवत सुटला की पेटीवाला थांबून त्याच्याकडे बघत राहिला. बायका फणा दिसताच हात जोडत होत्या. नंतर त्याला विचारलं, ठरलेलं का सोडलंस? म्हणाला, "काका, तो बुडत होतो. ताल खंय धरू?"

त्या रात्री कोणी उठून गेलं नाही. मी मोजतो दर वर्षी, त्या पहिल्या ११ पासून.

माणसं

तंबूत मधोमध दोरी असायची, एका अंगाला बायका, एका अंगाला पुरुष. आता घरंच्या घरं एकत्र बसतात, ते चांगलंच. पोरं पुढे चटईवर, पण पडद्यापासून दहा फूट सोडून. नाहीतर माना दुखतात. खुर्च्या फक्त मागे. गुडघे धरलेल्या बायकांच्या खुर्च्या वाटेच्या कडेला ठेवा, त्यांना उठायला बरं पडतं. मधली खुर्ची मागणारे पुढारी असतात, त्यांना यंत्राच्या अगदी मागे बसवा. पंख्याचा गरम वारा तोंडावर आला की दहा मिनिटांत आपणहून सरकतात.

मोबाइल बंद करा असं सांगून कोणी ऐकत नाही. मी पिक्चरच्या आधी पाच मिनिटं पडदा नुसता पांढरा उजळून ठेवतो आणि सांगतो, या आणि फोटो काढा. सगळी पोरं पडद्यासमोर सावल्या नाचवतात, कुत्रा करतात, ससा करतात, मोठे पण येतात. हौस फिटली की बहुतेक फोन खिशात जातात.

हल्लीच्या प्रतीत मध्यंतर नसतं, ते तुम्हाला द्यायचं आहे. पिक्चर आदल्या दिवशी स्वतः पूर्ण बघा आणि कुठे थांबायचं ती वेळ कागदावर लिहून ठेवा. भांडण रंगात आलं असताना थांबवा. रडण्याच्या प्रसंगात कधीच थांबवू नका, माणसं डोळे पुसत दिव्यात सापडतात आणि ओशाळतात. वीस मिनिटं द्या. बचत गटाच्या बायकांना आधी सांगून ठेवा, कांदाभजी, चहा आणि कोकम सरबत एवढं पुरतं. तंबूत असताना मध्यंतर लांबलं तर मालक खूश असायचा, गोटी सोड्यावर त्याचा हिस्सा होता. मी वाडीत मध्यंतर लांबवतो ते वेगळ्या कारणाने. मुंबईची पोरं आणि गावची पोरं त्या वीस मिनिटांतच काय ती बोलतात.

संपल्यावर लगेच सगळे दिवे लावू नका. पडद्यावरची शेवटची नावं जाऊ देत. पूर्वी दुसरा खेळ सुटला की लोक चुडी पेटवून बांधावरून घरी जायचे, लांबवर एक हलती रांग दिसायची आणि ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही मशीन उघडत नव्हतो, कारण कोणीतरी वाट चुकून परत यायचंच. आता मोबाइलच्या बॅटऱ्या असतात. तरी एकटी जाणारी म्हातारी माणसं कोणाबरोबर गेली ते बघून घ्या.

आवरताना

लेन्सवर किनाऱ्याच्या हवेने मिठाचा पातळ थर बसतो. सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, ओरखडे पडतात. चष्म्याचं मऊ कापड वापरा, आणि यंत्र थंड झाल्यावर सिलिकाच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. पावसाळ्यात बुरशी लेन्सच्या आत शिरते आणि मग काही करता येत नाही.

पडदा त्या रात्री काढा, पण गुंडाळू नका. रात्रीच्या दवाने तो ओलसर असतो, हाताला कळत नाही. दुसऱ्या दिवशी माळ्यावर सावलीत पसरून वाळवा, मग प्लास्टिकच्या पाइपावर गुंडाळा. घडी नको, घडीची रेघ कायमची राहते.

गेल्या वर्षी पोरांची रात्रीची गाडी होती, घाईत ओलाच गुंडाळला. यंदा उघडला तर उजव्या बाजूला वर रुपयाएवढा करडा डाग, नेमका ज्या कोपऱ्यात मी आयुष्यभर टिपक्याची वाट बघितली तिथे. रिठ्याच्या पाण्याने दोनदा धुतला, गेला नाही. पुढच्या मे महिन्यात काळी पट्टी अर्धा फूट आत घेऊन शिवणार आहे. पडदा साडेअकरा फुटांचा होईल, यंत्र वीतभर पुढे सरकवावं लागेल.